शाळेची फाइल बाहेरच्या माणसाला देताना : लिंक पाठवण्याआधी काय पाहावे?



शाळेची बरीचशी कागदपत्रं आता गुगल ड्राइव्हवर असतात. विद्यार्थ्यांची यादी, निकालपत्रक, स्नेहसंमेलनाचे फोटो, शिष्यवृत्तीची माहिती, सगळं तिथेच. शाळेतल्या शाळेत हे ठीक चालतं. अडचण येते ती फाइल शाळेबाहेर द्यायची असते तेव्हा. ओळखपत्रं छापणारा, गणवेश शिवणारा, मदत करणारी संस्था, स्कूल व्हॅनचे चालक आणि अर्थातच पालक. यांना माहिती द्यावी तर लागतेच. ती कशी द्यावी, हे आज एका उदाहरणातून पाहू. समजा, इयत्ता पाचवीच्या 40 मुलांची ओळखपत्रं छापायला द्यायची आहेत.

काळजी कशासाठी?

मुलाचं नाव, शाळा, तुकडी आणि पालकांचा मोबाइल नंबर एकत्र कोणाच्या हाती लागला, तर तो सरळ फोन करू शकतो, "तुमच्या मुलाला शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आलेला ओटीपी सांगा." मुलाचं नाव आणि वर्ग बरोबर सांगितला की पालकांचा विश्वास बसतो आणि खात्यातले पैसे जातात. शिवाय जात, दिव्यांगत्व, घरचा पत्ता या गोष्टी एकदा बाहेर फिरल्या की परत आणता येत नाहीत. ही माहिती मुलांची आहे, आपण फक्त सांभाळणारे आहोत.

पायरी 1 : काय द्यायचं ते आधी ठरवा

वर्गशिक्षकांकडे बहुधा एकच मोठी शीट असते. तिच्यात रजिस्टर क्रमांक, आधार क्रमांक, प्रवर्ग, बँक खातं असं सगळं भरलेलं असतं. ओळखपत्र छापणाऱ्याला लागतं काय? नाव, इयत्ता-तुकडी, फोटो, रक्तगट आणि एक मोबाइल नंबर. बाकीच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पुष्कळ जण नको असलेले रकाने 'हाइड' करून तीच शीट पाठवतात. लपवलेला रकाना पुसलेला नसतो. शीटची कॉपी करून घेणारा माणूस तो पुन्हा उघडू शकतो. त्याच फाइलमधून रकाने पुसले, तरी 'एडिटर' असलेल्याला जुनी आवृत्ती पाहता येते. म्हणून सरळ नवीन शीट उघडा आणि लागणारे पाच रकानेच तिच्यात आणा.

पायरी 2 : दार कोणासाठी उघडं ठेवायचं?

'शेअर'चं बटण दाबलं की खाली दोन मुख्य पर्याय दिसतात. 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे ज्यांचा ईमेल तुम्ही घातला आहे त्यांनाच फाइल उघडेल. 'एनीवन विथ द लिंक' म्हणजे लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडेल. नाव, गाव काही विचारलं जाणार नाही. ही लिंक एका गटातून दुसऱ्या गटात गेली, तरी चालूच राहते. मुलांची माहिती असलेली फाइल नेहमी 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा आणि छापणाऱ्याचा ईमेल फोनवर विचारून, स्पेलिंग तपासून घाला.

फोल्डर देताना जास्त सांभाळा. फोल्डर उघडा ठेवला, तर पुढच्या महिन्यात त्यात टाकलेली फाइलही त्याच लोकांना दिसते. बाहेरच्या माणसासाठी वेगळा फोल्डर करा, वर्गाचा मुख्य फोल्डर देऊ नका.

पायरी 3 : अधिकार किती?

'व्ह्यूअर' फक्त पाहतो, 'कमेंटर' शेरा लिहितो, 'एडिटर' बदल करतो. एडिटर आणखी लोकांनाही फाइल देऊ शकतो. ते नको असेल, तर शेअरच्या चौकटीतल्या चाकासारख्या चिन्हावर जाऊन ती खूण काढा. आपल्या छापणाऱ्याला व्ह्यूअर पुरेसा आहे.

तिथेच डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करण्याची सोय आहे. नुसती पाहण्यासाठी दिलेल्या फाइलला ती जरूर वापरा. पण तिला कुलूप समजू नका, स्क्रीनचा फोटो कोणीही काढू शकतो.

पायरी 4 : पाठवण्याआधी तपासा

लिंक कॉपी करा आणि ब्राउझरच्या 'इन्कॉग्निटो' खिडकीत उघडा. लॉगिन न विचारता फाइल दिसली, तर ती सगळ्यांना उघडी आहे असं समजा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कोणी परवानगी मागितल्याचा ईमेल आला, तर पत्ता ओळखीचा असल्याशिवाय होकार देऊ नका.

पायरी 5 : काम झालं की परवानगी काढा

ओळखपत्रं हाती आली की शेअरमध्ये जाऊन त्या माणसाचं नाव काढून टाका. काही संस्थांच्या खात्यांत परवानगीची शेवटची तारीख घालता येते. साध्या मोफत खात्यात आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं, म्हणून मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंद करा. मात्र त्याने डाउनलोड केलेली प्रत त्याच्याकडेच राहते. ती पुसायला आवर्जून सांगा. पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे ती यासाठीच. जे दिलंच नाही, ते परत मागावं लागत नाही.

समोरच्याकडे ईमेल नसेल तर?

असं गावोगावी होतं. मग एक्सेल फाइलला पासवर्ड घालून पाठवा आणि पासवर्ड वेगळा, फोनवर सांगा. फाइल आणि पासवर्ड एकाच मेसेजमध्ये पाठवले, तर कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखं होतं.

पालकांच्या गटात काय टाकावं?

वेळापत्रक, गृहपाठ, सहलीची सूचना यांची लिंक सर्वांना उघडी असली तरी चालेल. सगळ्या वर्गाचा निकाल, फी बाकी असलेल्यांची यादी, फोन नंबरांची शीट मात्र गटात नको. निकाल ज्याचा त्याला द्या. गुगल फॉर्म पाठवताना 'सेंड'मधून मिळणारी लिंक द्या आणि उत्तरांचा सारांश इतरांना दिसण्याची सोय बंद आहे ना, ते पाहा. नाहीतर एका पालकाने लिहिलेलं दुसरा वाचतो.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. त्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आधार कायद्यानुसार कोणाचाही आधार क्रमांक सार्वजनिकपणे लावता किंवा प्रसिद्ध करता येत नाही. आधारची प्रत द्यावीच लागली आणि समोरच्याला चालत असेल, तर 'मास्क्ड आधार' द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

पालकांसाठी दोन शब्द

शाळेने माहिती मागितली की, "ही कोणाला जाणार आणि किती दिवस राहणार?" असं विचारायला संकोच करू नका. कोणताही चांगला शिक्षक याचा राग मानणार नाही. सगळ्या मुलांची माहिती असलेली उघडी लिंक तुमच्यापर्यंत आली, तर गटात ओरड करू नका आणि पुढेही पाठवू नका. लिंक अजून जास्त लोक उघडून पाहतील. वर्गशिक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना थेट फोन करा.

शाळेत करून पाहा

पुढच्या शिक्षक सभेत दहा मिनिटं काढा. प्रत्येकाने आपल्या ड्राइव्हमधल्या पाच जुन्या फाइल उघडून त्या कोणाकोणाला दिसतात ते पाहावं. मग कार्यालयात एक साधी वही ठेवा. रकाने तीनच : कोणती फाइल, कोणाला दिली, परवानगी कधी काढली. तिसरा रकाना रिकामा दिसला की काम बाकी आहे. बदली झालेल्या शिक्षकाकडून पदभार घेताना ही वहीसुद्धा मागून घ्या.

तुमच्या शाळेत यासाठी वेगळी काही पद्धत असेल, तर जरूर कळवा. इतरांनाही उपयोग होईल.