झिजलेल्या गणवेशाची साक्ष

इतिहासातील एखादा प्रसंग ग्रंथात वाचणे आणि तो डोळ्यांसमोर घडताना पाहणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर कमी व्हावे म्हणून अनेक देशांत जुन्या लढायांचे पुनर्दर्शन घडविण्याची प्रथा रूढ झाली आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धाच्या बाबतीत ती विशेष बहरली. या युद्धातील पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील मनॅसस येथे झाली. तिच्या शताब्दीनिमित्त जुलै १९६१ मध्ये हौशी सैनिकांनी त्याच भूमीवर ती पुन्हा लढून दाखविली. या प्रयोगाला जत्रेचे स्वरूप आले, अशी टीका झाली. आपल्या ताब्यातील रणभूमीवर अशा लुटुपुटीच्या लढाया होऊ द्यावयाच्या नाहीत, असे धोरण तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेने पुढे स्वीकारले.

या टीकेतून हौशी मंडळींचा एक वर्ग अधिक काटेकोर झाला. काळाशी विसंगत पोशाख करणाऱ्यास त्यांच्यात ‘फार्ब’ असे हेटाळणीने म्हटले जाते. योग्य कापड आणि योग्य बेत साधल्यानंतरही एक अडचण उरतेच. नवा शिवलेला गणवेश नवाच दिसतो. महिनोन्महिने कूच केलेल्या शिपायाच्या अंगावरचा वाटत नाही. तो वापरलेला कसा दिसावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचे उत्तर शोधताना शिपायाचे सारे जीवनच अभ्यासावे लागते.

प्रत्येक खुणेस कारण हवे

गणवेशाची झीज सर्वत्र सारखी होत नाही. पायदळातील शिपायाच्या काडतुसांच्या पेटीचा पट्टा डाव्या खांद्यावरून येई आणि पेटी उजव्या कमरेवर लोंबे. शिधा ठेवण्याची झोळी व पाण्याचा डबा डाव्या बाजूस असत. त्यामुळे दोन्ही खांदे, कमरेचा भाग आणि पेटीखालचे कापड घासले जाई. पट्ट्याखालील कापडाची लव झडे. परंतु ऊन न लागल्याने तेथील रंग मात्र गडद राही. गुडघे टेकून गोळी झाडल्याने विजार गुडघ्यांवर विरे. शेकोटीजवळ झोपल्याने विजारीच्या कडा करपत आणि ठिणग्यांची बारीक भोके पडत. कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. त्यातील काळी दारू ओठांस, बोटांस आणि बाहीच्या टोकास लागे. झोळीत खारवलेले डुकराचे मांस असे. त्याची चरबी झिरपून झोळीवर आणि लगतच्या कपड्यांवर डाग पडत.

यावरून एक नियम हाती येतो. ज्या खुणेचे कारण सांगता येत नाही, ती खूण करू नये. कानशीने सर्व बाजूंनी सारखा घासलेला डगला जुना दिसत नाही, खराब केलेला दिसतो.

कापड आणि रंग

उत्तरेच्या सैन्याचा गडद निळा डगला निळीने रंगविलेल्या लोकरी कापडाचा असे. नीळ उन्हाला बऱ्यापैकी टिकते. म्हणून हा डगला घासल्या जाणाऱ्या कडांवर फिका पडे. दक्षिणेच्या सैन्यात सुती ताणा आणि लोकरी बाणा असलेले कापड मोठ्या प्रमाणावर वापरात होते. वनस्पतिजन्य रंगांनी दिलेली त्याची करडी छटा उन्हापावसात उडून कापड पिवळसर तपकिरी होई. अक्रोडाच्या कुळातील ‘बटरनट’ या झाडाचा रंग वापरात होता, त्यावरून दक्षिणेच्या शिपायांनाही ‘बटरनट’ हे नाव पडले. लॉगवूड नावाच्या लाकडापासून काळा केलेला शिवणीचा दोराही कालांतराने तपकिरी पडे.

युद्धाच्या आरंभी उत्तरेत घाईघाईने ठेके देण्यात आले. काही ठेकेदारांनी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून केलेले ‘शॉडी’ नावाचे निकृष्ट कापड पुरविले आणि गणवेश अल्पावधीत उसवू लागले. ‘शॉडी’ हा शब्द इंग्रजीत निकृष्टतेचा वाचक म्हणून रुळण्यास हे प्रकरण बरेच कारणीभूत झाले. अशा पोशाखाची प्रतिकृती करताना त्यावरील झीज ही शिपायाच्या शौर्याची नव्हे, ठेकेदाराच्या अप्रामाणिकपणाची साक्ष असते.

करावयाची कृती

सर्वोत्तम उपाय म्हणजे गणवेश वापरणे. तो घालून कवाईत करावी, संपूर्ण साहित्य अंगावर चढवून चालावे, पावसात भिजावे, जमिनीवर झोपावे. रंग उतरावयाचा असल्यास कपडा बाजू पालटत उन्हात ठेवावा. क्लोरीनयुक्त विरंजक लोकरीवर कधीही वापरू नये. त्याने लोकरीचा धागाच नष्ट होतो. शुभ्रता वाढविणारी द्रव्ये असलेली धुलाईची पूडही टाळावी. माती लावावयाची तर ज्या प्रदेशातील मोहीम दाखवावयाची, तेथील मातीचा रंग पाहावा. फाटलेली जागा तशीच ठेवू नये. शिपायांजवळ सुईदोऱ्याची पिशवी असे आणि ते स्वतः रफू करीत, ठिगळ लावीत. म्हणून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेला ओबडधोबड टाका हा भोकापेक्षा अधिक खरा ठरतो. पितळी गुंड्यांवर जुनेपणाची छटा यावी म्हणून त्या मूत्रात भिजत घालणाऱ्या एका हौशी सैनिकाचे वर्णन पत्रकार टोनी हॉरविट्झ यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. ओलसर हवेत ठेवलेल्या गुंड्याही यथावकाश काळवंडतात, हे येथे लक्षात घ्यावे.

सुरक्षिततेचा विचारही आवश्यक आहे. लोकर आगीजवळ करपते व बहुधा आपोआप विझते. कृत्रिम धागा वितळून अंगास चिकटतो. शेकोटीभोवती वावरणाऱ्याने अस्सल कापडाचा आग्रह धरण्याचे हे आणखी एक कारण होय.

फाटक्या शिपायाची दंतकथा

दक्षिणेचा शिपाई सदैव चिंध्यांत होता, ही समजूत दृढ आहे. पुरावा नेहमीच तसे सांगत नाही. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रातील दक्षिणेच्या तीन कैद्यांचे कपडे मळलेले व विजोड असले तरी चिंध्या झालेले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात चिकामॉगा येथे पोहोचलेल्या लाँगस्ट्रीट यांच्या सैनिकांना तर नवे गणवेश मिळालेले होते.

हा केवळ तपशिलाचा वाद नव्हे. फाटका पण शूर शिपाई हे चित्र इतके मोहक आहे की, ती राज्ये गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघाली होती, याचा विसर पडतो. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले, हेही मग नजरेआड होते. ठिगळ चुकीच्या जागी लागले, तर इतिहासही चुकीच्या जागी सरकतो.

प्रतिकृती आणि मूळ वस्तू

उत्तम जुनी केलेली प्रतिकृती आणखी एक धोका निर्माण करते. हातोहात फिरत ती उद्या अस्सल म्हणून विकली जाऊ शकते. अतिनील प्रकाशात आधुनिक शुभ्रक द्रव्ये चमकतात, त्यावरून संग्रहालयांतील तज्ज्ञांना काही बनावट वस्तू ओळखता येतात. पण प्रत्येक वेळी नव्हे. म्हणून प्रतिकृती करणाऱ्याने अस्तराच्या आत न पुसला जाणारा शिक्का व वर्ष घालावे, हेच प्रामाणिकपणाचे आहे. मूळ गणवेश मात्र कधीही धुऊ नये, दुरुस्त करू नये, प्रयोगात घालू नये. त्यावरील मळ व घामाचा डाग हाच पुरावा असतो आणि एकदा धुतला की तो परत येत नाही.

ही शेवटची सूचना आपल्याकडेही लागू पडते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतील कित्येक गावांतून दोन्ही महायुद्धांत जवान गेले. त्यांपैकी कोणाच्या घरी ट्रंकेत जुना डगला, पट्टा किंवा टोपी असेल, तर शाळेच्या चित्ररथासाठी ती मागून नेऊ नये. शिक्षकांनी तिची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहून ठेवावीत आणि गावच्या शिंप्याकडून प्रतिकृती शिवून घ्यावी. पंचायत सदस्यांनी त्या घरातील वडीलधाऱ्यांकडून तो कपडा कोणाचा, कोठे वापरला, ठिगळ कोणी लावले, याची माहिती नोंदवून घ्यावी. कापड झिजून संपते. परंतु त्याच्या झिजेचे कारण लिहून ठेवले, तर ती साक्ष पुढील पिढीपर्यंत पोहोचते.