कमी आवाजात ऐकून बघ

इचलकरंजी
१४ डिसेंबर

चि. सोनू,


तुझा मेसेज मिळाला. गेमसाठी आणि एरवी गाणी ऐकायला एकच चांगला हेडफोन घ्यायचाय, आठ हजारांपर्यंत जमेल का आणि कोणता घेऊ, असं विचारलंस. त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तुझ्या रूमवरच्या मुलाने तिला सांगितलं की तू या थंडीत पंखा फुल लावून झोपतोस, कारण खोली शांत झाली की तुझ्या उजव्या कानात शीळ वाजते. वहिनीला वाटतंय उष्णता झाली. ती गुलकंद पाठवणार आहे. मला मात्र ही शीळ चांगली ओळखीची आहे. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसलो.

पैशाचं नंतर बघू. आधी हे सांग, शीळ कधीपासून आहे? कॉलेजच्या गेमच्या स्पर्धेनंतर सुरू झाली की आधीपासूनच होती? रोज असते का? आणि बोलताना तू फोन डाव्या कानालाच का लावतोस? गणपतीत घरी होतास तेव्हाही मला ते दिसलं होतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम काढायचा आहे. यावर वाद नको. बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. त्यात दुखत काही नाही. आवाजाने दुखावलेला कान असेल तर आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. खड्डा नसला तरी शिळेबद्दल त्यांना सांगायचंच. आणखी एक. कधी अचानक एक कान बसल्यासारखा वाटला तर मळ साठला असेल म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तशा बहिरेपणावर औषधाचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या दिवसांतच.

तुला आबा आठवतात ते कॉटवर बसलेले आणि टीव्हीचा आवाज पार गल्लीच्या तोंडापर्यंत. तू मांडीवर चढून त्यांच्या कानात ओरडायचास. पण ते काही जन्मापासून तसे नव्हते. साध्या मागांच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. धोटा या टोकापासून त्या टोकाला मिनिटाला शंभराहून जास्त वेळा आपटतो, आणि असे माग ओळीने. अशा शेडमध्ये ९५ ते १०० डेसिबल आवाज भरतो. तिथे माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. पाळी सुटून घरी आल्यावर आबा म्हणायचे, माग अजून डोक्यात चालू आहेत. जेवून झोपले की सकाळपर्यंत ते बंद व्हायचं. पुढे एक वर्ष असं आलं की सकाळीही बंद होईना.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सरळ आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८६ ला १० तास, ९२ ला अडीच तास, ९८ ला जेमतेम ३७ मिनिटं. हा हिशेब आठवड्याचा आहे, दिवसाचा नाही. हेडफोन लावून फुल आवाज केला की फोन सहज शंभरच्या घरात जातो. तू म्हणे पहाटे तीनपर्यंत खेळतोस. आबा त्या आवाजात पोटासाठी उभे राहिले, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. तुझ्या हाताशी तर आवाज कमी करायचं बटण आहे. ते उलटं का फिरत नाही?

असो. टाकून बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. गेम खेळू नको असं मी म्हणत नाही. तुला त्यात गती आहे, गावचं नाव काढतोस, मला त्याचं कौतुकच आहे. फक्त ती शीळ मनातून जात नाही.

आता हेडफोन. तू पाठवलेल्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत आहेत : ७.१ सराउंड, ५० एमएमचे ड्रायव्हर आणि रंगीत दिवे. दिव्यांचा पैसा आवाजातून कापलेला असतो, ते सोड. ७.१ चं सांगतो. यातले बहुतेक हेडसेट उघडून बघितले तर दोन्ही कपांत एकेकच ड्रायव्हर सापडतो, बाकीची करामत सॉफ्टवेअरची. आणि दिशा कळायला दोन पुरतात, कारण मेंदू दोन कानांतला फरक मोजतो. उजवीकडे कुणी पाऊल टाकलं तर तो आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोचतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतं. शिवाय डावीकडे तो थोडा दबून पोचतो, डोकं मध्ये येतं म्हणून. एवढ्याशा फरकावरून तू शत्रू कोणत्या दारामागे आहे ते ओळखतोस. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ नावाची सोय आहे, ती साध्या स्टिरिओ हेडफोनवरच हे काम नीट करते. ती चालू ठेव आणि हेडसेटचं ७.१ बंद. दोन्ही एकावर एक चढले की दिशेचा गोंधळ उडतो.

आता तूच विचार कर. उजवा कान मंद झाला तर हा फरक मोजणार कोण? लाखाचा हेडफोन आणला तरी दिशा मिळणार नाही. तुझ्या खेळाचं खरं यंत्र कान आहे. त्याच्या आतले बारीक केस एकदा झडले की माणसात पुन्हा उगवत नाहीत, मग त्याला सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. म्हणून पुन्हा पुन्हा विचारतोय, शीळ उजव्याच कानात आहे ना? की आता दोन्हीकडे?

गेमचा आवाज गाण्यापेक्षा वाईट का, तेही सांगतो. पावलं नीट ऐकू यावीत म्हणून तू आवाज वाढवतोस, आणि त्याच आवाजात पुढच्या क्षणाला कानाशी बंदूक वाजते. गाणं मिक्स करणाऱ्याने चढ-उतार आवरलेला असतो, गेममध्ये तो तसाच अंगावर येतो. सेटिंगमध्ये आधी पार्श्वसंगीत शून्यावर आण. मग विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन मिळतं का बघ. ते बारीक आवाज उचलतं आणि मोठा दाबतं. त्याने जवळ-लांबचा अंदाज थोडा बिघडतो, हे खरं. स्पर्धेत नको असेल तर रोजच्या सरावाला तरी लाव.

उघड्या पाठीचा घ्यायचा की बंद पाठीचा, हा तुझा प्रश्न चांगला होता. पाठ उघडी असली की आवाज मोकळा वाटतो, कान तापत नाहीत, दिशाही छान उघडते. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ काढला, या जातीचा पहिला, पिवळ्या स्पंजचा. कोल्हापूरच्या एका हौशी गृहस्थांनी तसा एक माझ्याकडे दुरुस्तीला आणला होता. वायर जोडून डोक्याला लावला तर गाणं खोलीतच चाललंय असं वाटलं, मी किती तरी वेळ तो उतरवलाच नाही. पण तो शांत खोलीचा माल. तुमच्या रूमवर तिघं, खाली रस्ता, वर पंखा. बाहेरचं सगळं आत येणार, तू आवाज वाढवणार, आणि आतलं बाहेर जाऊन बाकीच्यांची झोप मोडणार. तुला बंद पाठीचाच घे.

तुझ्या मित्राने सुचवलेला बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, तोही २५० ओहमचा, तुझ्यासाठी नाही. एवढा ओहम हलवायला वेगळा अॅम्प लागतो, फोनवर तो मरगळलेला वाजेल. शिवाय त्याचा ट्रेबल टोचतो, आणि टोचणारा ट्रेबल तुला आत्ता मुळीच नको. ३२ ते ५० ओहमच्या दरम्यान बघ. ५० एमएमच्या नादाला लागू नकोस. ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स ४० एमएमचाच आहे, ३५ ओहमचा, त्याची केबल सुटी होते, आणि लोक त्यावर रेकॉर्डिंगची कामं करतात. सेलमध्ये तुझ्या पैशांत बसला तर तो नाहीतर त्याच धाटणीचा दुसरा. त्याला माइक नाही, तेव्हा कॉलरला लावायचा साधा माइक वेगळा घे. लॅपटॉपला हेडफोन-माइकची एकच पिन असेल तर स्प्लिटर लागेल.

केबल सुटी होणारी असावी यावर माझा हट्ट आहे. माझ्या दुकानात दुरुस्तीला येणारे हेडफोन बहुतेक एकाच जागी मेलेले असतात, पिनच्या मानेशी. कप धडधाकट, ड्रायव्हर धडधाकट, आणि दोन इंच वायरपायी सगळं कचऱ्यात. तसंच कुशन बदलता येतं का ते विचार. रेक्झिनचं कुशन घामाने दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे टाकतं. तुला चष्मा आहे, म्हणून चष्म्यासकट लावून अर्धा तास बस. काडीपाशी फट राहिली की बेस गळतो, आणि बेस गळाला की हात आवाजाकडे जातो.

ब्लूटूथ गेमला नको. गोळी आधी दिसते, आवाज मागून येतो. वर ब्लूटूथचाच माइक चालू केला की गाण्याचा आवाजही टेलिफोनसारखा होतो. बिनतारीच हवा असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला घे. एसटीत किंवा रेल्वेत नॉइज कॅन्सलिंग खरंच उपयोगी पडतं. बाहेरची घरघर माइकने पकडून तिच्या उलटी लहर आत सोडतात, त्यामुळे इंजिनाशी चढाओढ करून आवाज वाढवावा लागत नाही. पण ते पुढे नोकरी लागल्यावर बघू. गाडी चालवताना मात्र कानात काहीच नको. हॉर्न ऐकू यायलाच हवा.

दुकानात गेलास की विक्रेता आवाज चढवूनच दाखवेल. चढवलेल्या आवाजात कुठलाही डबा भारी वाटतो. तू उलट कर. तुला पाठ असलेलं एखादं गाणं लाव, आणि समोरचा बोलला तर कळेल इतका आवाज उतरव. तेवढ्यातही तबल्याचा बायां, गाणाऱ्याचा श्वास, मागचं व्हायोलिन जागच्या जागी सापडलं तर तो हेडफोन घे. खालच्या आवाजात ज्याने समाधान होतं तोच कान वाचवतो. इतकी वर्षं हेच काम केलं, शेवटी मला एवढंच कळलं आहे.

एक लिहावं की नको, ठरत नव्हतं. आबांना मोठे आवाज ऐकू यायचे, पण स, श, फ, त ही अक्षरं गळायची, बायका-मुलांचं बोलणं तर पुसटच व्हायचं. लोक म्हणत, म्हाताऱ्याला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. तसं नसतं. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. मी तेव्हा ऐन उमेदीत, गावातले निम्मे रेडिओ माझ्या हातून बोलते झालेले. संध्याकाळी घरी आलो की आबांशी दोन वाक्यं बोलायचो आणि तिसरं राहू द्यायचो, कारण तिसरं ओरडून सांगावं लागे. शेवटी शेवटी त्यांनीही विचारायचं सोडलं. दुकानात आज काय आलं होतं, एवढंच त्यांना ऐकायचं असायचं. ते तिसरं वाक्य आजही माझ्या घशाशी येतं. माझ्या पोराला उद्या कुणी असं तिसऱ्या वाक्याशी सोडून देऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

आता घाबरून जाऊ नकोस. तुझं वय लहान आहे, शीळ पुष्कळदा कानाला विश्रांती दिली की जाते. डॉक्टर सांगेपर्यंत हेडफोन खाली ठेव, स्पीकरवर हळू ऐक. रात्री पंखा लावायला माझी ना नाही, हलका आवाज असला की शीळ टोचत नाही. गोधडी मात्र अंगावर घे. आणि आम्हाला सांगितलं नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. पैसे मागायच्या वेळी कानाची तक्रार कशी करायची, असं वाटलं असेल तुला. तुझा बाप या वयात अगदी असाच होता.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी पुण्याला येतोय. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ. तू आत जा, मी बाहेर बाकावर बसतो, किती का वेळ लागेना. अहवाल कसाही आला तरी तिथून थेट हेडफोनच्या दुकानात जायचं, पैसे घेऊन येतोय. आठाचे नऊ झाले तरी चालतील, दिव्यांचा घेतला नाहीस म्हणजे झालं. वहिनी शेंगदाण्याची चटणी आणि गुलकंद दोन्ही देणार आहे, गुलकंदाला नाही म्हणू नकोस, तिने कालच आणून ठेवलाय. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, झोप पूर्ण कर. मी रिक्षाने येईन.

तुझा
काका