मालवाहू गाडीच्या हौद्याचे अस्तर : निवड आणि निगा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे. सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा ही येथील प्रमुख पिके होत. हळदीने तर जिल्ह्याला स्वतंत्र ओळख मिळवून दिली असून वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. शेतातील माल पूर्वी बैलगाडीतून बाजारात जात असे. आता ते काम बहुतांशी पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान गाड्या करतात.

अशी गाडी पुष्कळदा कर्ज काढून घेतलेली असते. इंजिनाचे तेल, टायर व ब्रेक यांकडे मालकाचे लक्ष असते. परंतु ज्या हौद्यावर गाडीची सारी कमाई अवलंबून, तो हौदा मात्र पत्र्याला भोक पडेपर्यंत दुर्लक्षित राहतो. कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच तळ कुजला, तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेले भाडे असा दुहेरी भार कुटुंबावर पडतो. म्हणून हौद्याला अस्तर कोणते लावावे, याचा विचार गाडी नवी असतानाच करणे हिताचे ठरते.

हौदा खराब का होतो?

हौद्याचा पत्रा पोलादी असतो आणि रंगाचा पातळ थर हेच त्याचे संरक्षण असते. मुरूम, दगड, नांगराचे फाळ किंवा लोखंडी पिंप घासले गेले की हा थर फाटतो. उघड्या पडलेल्या लोखंडाला पाणी व हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो शेजारचा चांगला रंगही आतून उचलतो आणि ओरखडा पसरत जातो.

क्षारांमुळे ही क्रिया वेगाने होते. रासायनिक खताची गोणी फुटून सांडलेले दाणे, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅश, ओलावा धरून ठेवतात आणि त्यातील क्लोराइड लोखंडाला घातक ठरते. आपल्याकडील काळी चिकण माती कोपऱ्यांत व फाळक्याच्या बिजागऱ्यांत अडकून अनेक दिवस ओलसर राहते. हौदा वरून कोरडा दिसत असताना खालून कुजत असतो, तो यामुळेच.

यावरून अस्तराची पहिली कसोटी स्पष्ट होते. अस्तर किती जाड किंवा किती महाग, हा प्रश्न नंतरचा. अस्तराखाली पाणी शिरते काय आणि शिरलेच तर बाहेर पडते काय, हा प्रश्न आधीचा. पाणी कोंडून धरणारे अस्तर हे अस्तर नसण्यापेक्षाही वाईट होय. कारण ते दोष झाकते आणि वाढवतेही.

आपल्या गाडीची घडण

परदेशी पिकअपचा हौदा बहुधा टबासारखा असतो. त्याच्या बाजू पक्क्या असतात आणि चाकांवरचे उंचवटे आत आलेले असतात. अशा टबात बसणारे प्लास्टिकचे तयार साचेबंद अस्तर तेथे प्रचलित आहे. आपल्याकडील मालवाहू पिकअपचा हौदा बहुतांशी सपाट असतो आणि माल उतरवण्यासाठी त्याचे फाळके खाली पडतात. साचेबंद टब अशा हौद्यात बसत नाही. बसवला तरी बाजूचे फाळके निरुपयोगी होतात. म्हणून जाहिरातीतील चित्र पाहून वस्तू मागवण्यापूर्वी आपल्या हौद्याची लांबी, रुंदी, बिजागऱ्यांची जागा आणि तळावरील पन्हळी नीट पाहून घ्याव्यात.

उपलब्ध पर्याय

रंग : पत्रा घासून गंज काढणे, गंजरोधक अस्तररंग देणे व त्यावर टिकाऊ रंग चढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो दरवर्षी करावा लागतो. परंतु केवळ गोण्या वाहणाऱ्या गाडीला तो बहुधा पुरेसा ठरतो.

रबरी चटई : ही आघात झेलते आणि माल घसरू देत नाही. ती उचलून धुता येते, हा तिचा मोठा गुण. ती तळाला कायमची चिकटवू नये. चिकटवलेल्या चटईच्या कडेने शिरलेले पाणी बाहेर पडत नाही.

प्लायवुड किंवा फळ्या : या सहज मिळतात आणि झिजल्या की बदलता येतात. मात्र लाकूड पाणी पिते व पत्र्याला सतत ओल लावते. वापरायच्याच असतील, तर कडा रंगवून व खाली हवा खेळेल अशा पट्ट्या ठेवून बसवाव्यात.

चेकर प्लेट : खडी, वाळू व लोखंड वाहणाऱ्या गाडीला ही उपयुक्त आहे. पोलादी प्लेट जड असते. ॲल्युमिनियमची हलकी असते. परंतु ओलसर स्थितीत ती पोलादाला प्रत्यक्ष टेकली, तर दोन धातूंच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियम झिजू लागते. दोहोंमध्ये रबराचा किंवा रंगाचा थर असणे आवश्यक आहे.

फवारलेले अस्तर : पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा थर पत्र्यावर फवारला जातो. तो पत्र्याला घट्ट धरून बसत असल्यामुळे खाली पाणी साचण्यास जागाच उरत नाही. खर्च अधिक येतो आणि यश संपूर्णपणे पूर्वतयारीवर अवलंबून असते. गंजावर किंवा तेलकट पत्र्यावर फवारलेला थर काही काळाने सुटतो आणि त्याखाली पुन्हा पाणी कोंडते. फवारणीत वापरली जाणारी रसायने श्वसनास घातक असल्याने योग्य मुखवट्याविना कारागिराने हे काम करू नये.

अस्तराचे वजन

अस्तराचा प्रत्येक किलो हा मालातून वजा होणारा किलो असतो. नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद तळाचे क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मीटर भरते. त्यावर ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा टाकल्यास सुमारे १०८ किलो वजन वाढते. त्याच जाडीचे ॲल्युमिनियम सुमारे ३७ किलो, ६ मिलिमीटरची रबरी चटई साधारण ३५ ते ४० किलो, ४ मिलिमीटरचे प्लास्टिक सुमारे १८ किलो, तर २ मिलिमीटरचा फवारलेला थर सुमारे १० किलो भरतो. म्हणजे पोलादी प्लेट लावणारा शेतकरी भरल्या गाडीच्या प्रत्येक फेरीला जवळजवळ एक क्विंटल हळद मागे ठेवतो. ती मागे न ठेवता गाडीत भरली, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ठरवून दिलेली वजनमर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो. फाळके उंच करणे किंवा हौद्याची रचना बदलणे यांसारखे फेरबदल परिवहन कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नयेत.

खाद्यमाल आणि हौदा

हळद शिजवून, वाळवून व घोळून बाजारात येते. वाळलेली हळद पुन्हा ओलावा शोषते आणि तिला बुरशी लागू शकते. ज्या हौद्यात काल खत किंवा कीटकनाशक होते, त्याच हौद्यात आज हळद किंवा डाळ नेताना तो साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला पाहिजे. सछिद्र लाकूड व भेगाळलेले रबर असे द्रव शोषून ठेवतात. म्हणून दोन्ही प्रकारचा माल वाहणाऱ्या गाडीला गुळगुळीत, धुता येणारे अस्तरच योग्य.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रंगातील शिशाचे प्रमाण मर्यादित करणारे केंद्र शासनाचे २०१६ चे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांना लागू आहेत. औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा हौद्याला लावलेला रंग शिसेमुक्त असेलच, असे गृहीत धरू नये. अस्तर कोणतेही असो, खाद्यमाल थेट त्यावर न ओतता गोण्यांत भरावा, खाली स्वच्छ ताडपत्री अंथरावी आणि वरूनही झाकावा.

ग्रामपंचायतीची कचरागाडी

कचरा वाहणाऱ्या गाडीचा प्रश्न अधिक कठीण आहे. ओल्या कचऱ्यातून झिरपणारे पाणी आम्लयुक्त व क्षारयुक्त असते आणि ते रोजच्या रोज पत्र्यावर सांडते. येथे सुटी चटई उपयोगाची नाही. नीट तयारी करून फवारलेला अखंड थर किंवा ओल्या कचऱ्यासाठी उचलून रिकामे करता येणारे प्लास्टिकचे डबे, हे दोन मार्ग विचारात घ्यावेत. ओला व सुका कचरा घरोघरीच वेगळा होऊ लागला, तर हौद्याचेही आयुष्य वाढते.

दरपत्रके मागवताना केवळ ‘अस्तर बसवणे’ एवढेच लिहिल्यास स्वस्तातला माल पदरी पडतो. पत्रा कोणत्या पद्धतीने साफ करणार, थराची किमान जाडी किती, कडा व बिजागऱ्या कशा बंद करणार, पाण्याच्या निचऱ्याची छिद्रे मोकळी राहणार काय, एकूण वजन किती वाढणार आणि थर सुटल्यास दुरुस्ती कोण करून देणार, या सहा बाबी लेखी घ्याव्यात. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या गाडीबाबत ही दक्षता हे कर्तव्यच होय.

तपासणी

मृगाच्या सरी पडण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हौदा रिकामा करून तपासावा. सुटे अस्तर उचलावे, माती काढावी, छिद्रे मोकळी करावीत. नंतर एक बादली पाणी ओतून ते कोठे साचते व कोठून निघून जाते, हे पाहावे. जेथे पाणी थांबते, तेथेच पुढचा गंज धरणार. ओरखडा दिसताच घासून त्यावर रंगाचा हात दिल्यास पुढील मोठा खर्च वाचतो. अस्तर टोकरून पाहावे. पोकळ आवाज आला, तर तेथे थर सुटलेला आहे असे समजावे.

शिक्षकांना हा विषय वर्गातही घेता येईल. रंगवलेल्या पत्र्याचे तीन तुकडे ओरखडून एक कोरडा, एक साध्या पाण्यात भिजवलेला व एक खताच्या पाण्यात भिजवलेला असे आठवडाभर ठेवले, तर गंजाचा धडा विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येतो. त्यांतील अनेकांच्या घरी किंवा शेजारी अशी गाडी असतेच.

सारांश, गोण्यांसाठी चांगला रंग व उचलता येणारी चटई, खडी-वाळूसाठी चेकर प्लेट, खत आणि खाद्यमाल अशा मिश्र वाहतुकीसाठी धुता येणारा गुळगुळीत थर आणि कचऱ्यासाठी अखंड फवारलेले अस्तर, अशी ढोबळ विभागणी करता येते. निवड कोणतीही असो, पाण्याला वाट मोकळी ठेवणे हे सर्वांना समान लागू आहे. एवढे पथ्य सांभाळले, तर कर्ज फिटल्यानंतरही गाडी अनेक हंगाम मालकाला साथ देईल.