जीवक : अष्टवर्गातील भू-ऑर्किड व त्याची लागवड

च्यवनप्राशात वापरल्या जाणाऱ्या अष्टवर्गातील आठ वनस्पतींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी व वृद्धी ही चार ऑर्किड मानली जातात. यांपैकी जीवक (क्रेपिडियम ॲक्युमिनेटम) हिमालयातील वनांच्या सावलीत, पालापाचोळ्याने समृद्ध जमिनीत वाढते. औषधासाठी त्याचा आभासी कंद उपटला जातो, म्हणजे रोपच संपते. संकटाचे मूळ येथे आहे.

धुळीसारख्या सूक्ष्म बियांत भ्रूणपोष नसतो. निसर्गात अनुकूल बुरशीने अन्न पुरविल्याखेरीज त्या रुजत नाहीत. लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त माध्यमावर बुरशीविना ऑर्किडच्या बिया रुजविल्या. प्रयोगशाळांतील रोपनिर्मिती त्याच वाटेने जाते.

शेतकऱ्याला मात्र कंदविभाजन अधिक सुलभ. पाने वाळून कंद सुप्तावस्थेत गेले की पाणी जवळजवळ थांबवावे. नवे कोंब फुटण्यापूर्वी कंद विलग करून कुजलेला पालापाचोळा व वाळू यांच्या मिश्रणात उथळ लावावेत. थेट ऊन नको. निचरा तर हवाच, कारण पाणी साचल्यास कंद कुजतो.

ऑर्किड कुळ ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असून, वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या अंमलबजावणीची तरतूद केली. त्यामुळे निर्यातीचा माल वनातील की लागवडीचा, हा प्रश्न कळीचा ठरतो.