चूक कारागिराची की कारखान्याची?

कारखान्यात कोणाचे बोट गेले की पहिला सवाल ठरलेला असतो, "चूक कोणाची?" उत्तरही ठरलेले असते, "कारागिराचे लक्ष नव्हते." मलमपट्टी होते, थोडे पैसे हातावर ठेवले जातात आणि त्याच यंत्रावर दुसरा माणूस उभा राहतो. धोका मात्र जागच्या जागी असतो.

पडघा-भिवंडी भागातील एखादी यंत्रमागाची शेड डोळ्यांसमोर आणू या. पहाटेची वेळ आहे, बारा तासांची पाळी संपत आली आहे. वीज जाते, माग थांबतो. कारागीर तुटलेला धागा जोडायला वाकतो आणि तेवढ्यात वीज परत येते. मोटार आपोआप फिरली तर हात सापडणारच. वास्तविक चांगल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की तिची पकड सुटते आणि बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. पण खोळंबा नको म्हणून त्या बटणात खुंटी अडकवून ठेवली असेल तर? मग दोष वाकणाऱ्याचा, खुंटी अडकवणाऱ्याचा, की ती रोज पाहून गप्प बसणाऱ्या मालकाचा?

अशा चुका साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. पहिली, हात घसरणे किंवा विसरणे. थकलेल्या माणसाकडून ती होणारच. ती ओरडून थांबत नाही, पट्ट्याला जाळी आणि गिअरला झाकण लावल्याने थांबते. दुसरी, चुकीची समजूत. येथे कारागिराला त्याच्या भाषेत, यंत्रापाशी उभे राहून शिकवावे लागते. तिसरी, जाणूनबुजून नियम मोडणे. येथे मालकाने स्वतःलाच विचारावे, आपण मजुरी आणि घाई अशी तर ठेवली नाही ना, की नियम पाळणारा तोट्यात जातो?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीहून कापसाच्या गासड्याही भरल्या होत्या. आग बहुधा कोणाच्या तरी सिगारेटने लागली, असे मानले गेले. पण स्फोटकांबरोबर कापूस कोणी भरू दिला? धोक्याचा लाल बावटा का चढवला नाही? आग दिसल्यापासून स्फोटापर्यंत सुमारे दोन तास मिळूनही जहाजाचे काय करायचे, हे का ठरले नाही? एका थोटकाने आग लागते; शेकडो माणसे मरायला अनेकांच्या चुका एका रांगेत याव्या लागतात.

म्हणून आमची व्यापारी व कारागीर बंधूंना विनंती आहे. या आठवड्यात शेडमध्ये एक फेरी मारा. स्टार्टरमधील खुंटी काढा, उघडे पट्टे झाका, दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा आणि चावी दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात राहू द्या. एक साधी वहीही ठेवा. "आज थोडक्यात वाचलो" असे जो सांगेल, त्याचे म्हणणे तीत लिहा. त्याला रागावू नका, त्याची मजुरी कापू नका. आज त्याचे ऐकले तर उद्या कोणाचे तरी बोट वाचेल.