समीकरण निवडण्यापूर्वी

प्रश्न : एकसमान त्वरणाच्या उदाहरणांत कोणते समीकरण वापरावे, हेच उमगत नाही. काय करावे?
– एक विद्यार्थी, एकलहरे

उत्तर : आपल्या गावच्या औष्णिक विद्युत केंद्राकडे कोळशाच्या वाघिणी ओढीत येणारी मालगाडी आपण पाहिली असेलच. ताशी ५४ किलोमीटर वेगाची अशी गाडी ब्रेक लागताच एकसमान मंदनाने ४५० मीटरांत थांबली, असे समजू. प्रथम आरंभवेग, अंतिम वेग, त्वरण, काल व विस्थापन ही पाच कलमे जमाखर्चाच्या वहीत लिहावीत तशी मांडून, दिशा ठरवून, एकके एकजात करावीत : ५४ चे १५ मीटर प्रतिसेकंद झाले. तीन राशी हाती आल्या, त्वरण हवे, आणि कालाची ना माहिती ना मागणी. म्हणून ज्यात काल नाही तेच समीकरण घ्यावे :

(अंतिम वेग)² = (आरंभवेग)² + २ × त्वरण × विस्थापन

० = २२५ + ९०० × त्वरण; म्हणून त्वरण −०.२५ मीटर/सेकंद². ऋण चिन्ह त्वरण गतीच्या उलट दिशेस असल्याची साक्ष देते. पडताळा असा : १५ ÷ ०.२५ म्हणजे ६० सेकंद, आणि सरासरी वेग ७.५ × ६० = ४५० मीटर. हिशेब चोख जुळला. मात्र त्वरण बदलते असेल, तर ही समीकरणे गैरलागू ठरतात, हे विसरू नये.