डॉग फ्लॉवर लावणारेस तर ऐक

अगं, फुलदाणीलाही हवीत आणि ताटातही हवीत म्हणतेस, तर नर्सरीतून कुंडी आणू नकोस. बीच पेर. नुसतं शोभेचं असतं तर मी अडवलं नसतं. पण तिथलं रोप बुटकं राहावं, कीड लागू नये म्हणून त्यावर काय काय मारलेलं असतं, आणि कुणी ते खाणार आहे हे नर्सरीवाल्याच्या गावीही नसतं.

पाकीट उघडताना आधी पंखा बंद कर. बी खसखशीहून बारीक. मूठभर बारीक वाळूत मिसळ आणि ओल्या कोकोपीटवर भुरभुर. वरून माती लोटायची नाही. याला रुजायला उजेड लागतो. झारी तर लांबच ठेव, सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जाईल. ट्रे परातभर पाण्यात ठेवलास की कोकोपीट खालून ओढून घेतं. आठवडा-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसले की पाण्याचा हात आखडता घे, नाहीतर रोपं मानेतून कोलमडतात.

कधी पेरायचं? हादगा बसला की. हस्ताचा पाऊस असतो, म्हणून ट्रे आडोशाला, पण उजेडात. मी साताऱ्यात जरा उशीर केला तरी खपतं, आमच्या रात्री फेब्रुवारीतही गार असतात. तुमची सांगली लवकर तापते. हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, त्याला थंडी हवी. ऊन चढलं की दांड्या आखूड निघतात.

म्हणून शेंडा खुडण्याचं ऐकून घे. पुस्तकात लिहिलेलं असतं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा, फांद्या वाढतात. खरंच वाढतात, पण फूल दोन-तीन आठवडे लांबतं. तुझ्याकडे तेवढा हिवाळा कुठाय? अर्धीच रोपं खुड. न खुडलेल्यांची एकेकच दांडी येईल, पण उंच आणि लवकर. फुलदाणीसाठी तीच घे. खुडलेली झुडपं ताटासाठी. बी घेताना मात्र ‘रॉकेट’सारखी उंच जात बघ, बुटक्या जातीची दांडी फुलदाणीत बुडून जाते.

आणि कृष्णाकाठची काळी माती कुंडीत भरू नकोस बाई, पाणी धरून बसते. वाळू, शेणखत घालून मोकळी कर. पाणी मुळाशी आणि सकाळी. पानामागे तपकिरी पूड दिसली तर तो तांबेरा. ते पान लगेच काढून टाक.

खालची तिसरा हिस्सा फुलं उमलली की दांडी काप, पहाटेच्या गारव्यात. कापलेली आडवी ठेवू नकोस. तिचे शेंडे वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत. तुझ्या स्वयंपाकघरात केळ्यांचा घड टांगलेला असतो ना, त्याच्याजवळ तर मुळीच नको. पिकत्या फळांच्या वायूनं फुलं झडतात.

खाण्याचं खरं सांगू? चव यथातथाच, थोडी कडवट. हादग्याच्या फुलांची भाजी कितीतरी उजवी. पण रंग! दह्यातल्या कोशिंबिरीवर, नाहीतर लेकीच्या वाढदिवसाच्या केकवर चार पाकळ्या टाकल्यास की घरात आधी कुणी खाणारच नाही, बघत बसतील. हिरवं देठ आणि आतले केसर काढ, हादग्याला काढतेस तसेच. ज्याला परागकणांचा त्रास आहे, दमा आहे, त्याला देऊ नकोस. बाकीच्यांनीही पहिल्यांदा एखादंच फूल खाऊन बघावं. खाण्याच्या झाडांवर मावा आला तर पाण्याचा फवारा, निंबोळी अर्कसुद्धा नको. कडूपणा आधीच पुरेसा आहे.

विकायचं डोक्यात असेल तर पेरण्याआधी मिरजेच्या फुलवाल्याला विचार. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांना मी विचारून बघते. तोवर तुझ्या दाजींबरोबर अर्धं पाकीट पाठवतेय. तेही सगळं एकदम पेरू नकोस, पंधरा दिवसांनी थोडं परत पेरायला ठेव.